नातीच्या नावावरची भरपाई

जावयानं माझ्या लेकीला जिवानिशी मारलं, तो तुरुंगात गेला आणि तिची चार वर्षांची पोर माझ्या पदरात आली. सासर करमाळ्याकडचं. तिथल्या एकानंही विचारलं नाही, की लेकरू कुठं निजतं, काय खातं. मुलगी ना ती! मुलगा असता तर दारात भांडण लागलं असतं. मला मेलीला बरंच वाटलं होतं त्याचं, खरं सांगते. आमच्या कुंभारी गावातल्या घरात मी बिड्या वळायला बसले की ती मांडीला रेलून सुपातला दोरा ओढायची.

"आज्जे, माज्या आईला येत व्हत्या का गं बिड्या?"

"तुज्या आईचा हात माज्यापेक्षा चपळ. सोड तो दोरा, भवाने."

मग कोर्टातल्या एका वकीलबाईंनी सांगितलं, अशा लेकरांना सरकार भरपाई देतं. अर्ज त्यांनीच केला. रक्कम मंजूर झाली. ती बँकेत नातीच्या नावावर राहणार, आणि व्याज तिला सांभाळणाऱ्याच्या हाती येणार. बाईंनी आकडा वाचून दाखवला. लेक गेली त्याचा आकडा तो.

करमाळ्याला कसं कळलं कोण जाणे. विहीणबाई फ्रॉक आणि पेढे घेऊन हजर.

"नातीचं तोंड बघावं वाटलं की."

"इतके दिवस कुटं गेलं व्हतं वाटणं?" मी म्हटलं.

त्यांनी डोळ्याला पदर लावला. "वर्षश्राद्ध आलंय. पोटच्या लेकराच्या हातचं पाणी मिळू द्या तिला."

आमच्यात लग्न झालेल्या बाईचं दिवसपाणी सासरीच करतात. माहेरी केलेलं तिला पोचत नाही, असं आम्ही धरतो. मग ज्या घरात तिचा गळा दाबला, तेच घर का असेना. मी नाही म्हणत होते. पण आमचे मालक म्हणाले, "जीव त्यानं घेतला, घरानं न्हाय. तुज्या हट्टापायी आपली लेक तितं वर तहानलेली ऱ्हाईल." मी नातीच्या दोन वेण्या घातल्या, ती पेढा खात गाडीत बसली.

ती परत आलीच नाही. फोन केला तर विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्याचं लेकरू हाय. तुमचं कसं?"

मी वकीलबाईंकडं धावले. "ताई, ते पैसं त्यांस्नी लिहून द्या. मला माजी पोरगी द्या."

"आजी, पैसे तुमचेही नाहीत, त्यांचेही नाहीत. लेकराचे आहेत. ते तुम्हाला देऊन टाकता येत नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही स्वतःहून पाठवलीत, हे ते कोर्टात सांगणार."

तरी बाईंनी नातीच्या ताब्यासाठी अर्ज केला. तारखा पडत गेल्या. दर वेळी करमाळ्याचे 'लेकराला ताप आहे' म्हणायचे. शेवटी एकदाची तिला आणली. अंगानं भरली होती, केस कापलेले. जजसाहेबांनी मायेनं विचारलं, "बाळा, कुणाजवळ राहायचं?"

तिनं आधी विहीणबाईंच्या तोंडाकडं पाहिलं, मग शाळेतली कविता म्हणावी तसं एका दमात म्हणाली, "मला माझ्या घरी करमाळ्याला राहायचं आहे."

मी हात पुढं केला. ती विहीणबाईंच्या पदराआड सरकली.

साहेबांनी पुढची तारीख दिली. विहीणबाई तिला कडेवर घेऊन जिना उतरल्या. त्यांच्या खांद्यावरून ती माझ्याकडं बघत होती, एसटीत समोर बसलेल्या परक्या बाईकडं बघावं तशी. मालक म्हणाले, "चल, बस सुटंल."