झाडात कुणी नाही

"मामानू, सांगा त्येंका झाडात कोण रवता ता!" दुसऱ्या माळ्यावरून माझी आई ओरडत होती. खाली गोरखचिंचेच्या बुंध्याला पाठ लावून तानूमामा बसले होते आणि त्यांच्यासमोर कुऱ्हाडी घेतलेली आठ माणसं उभी होती. आठच. पुढे बऱ्याच ठिकाणी मी ती ऐंशी सांगितली आहेत.

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीमागची ती गोरखचिंच म्हणजे झाड कमी आणि हत्तींचा कळप जास्त. पोस्टमन बुंध्याला वळसा घालून येईपर्यंत पत्रात जन्मलेलं बाळ चालायला लागायचं. शेजारच्या गिरणीच्या मालकाला नेमकं तिथेच गोदाम हवं होतं. तानूमामा त्याच गिरणीत, आमच्या साचेखात्यात, माझ्या शेजारच्या मागावर. झाड राखायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं आणि त्यांच्याकडे हत्यार एकच होतं, थापा.

शिंपी माप घेऊन कापड कापतो, तसे मामा माणूस बघून दंतकथा बेतायचे. मालवणी लाकूडतोडे आले, की झाडात देवचार. पहाटे भोंग्याआधी घोंगडी पांघरून फेरी मारणारा जुना राखणदार. मुसलमान गाडीवाला आला, की मुळाशी पीर. माझगावचा ख्रिस्ती सर्व्हेअर आला, त्याला त्यांनी पोर्तुगीज पाद्र्याने बुंध्यात लपवलेली घंटा दिली. तो बिचारा तासभर झाडाला कान लावून उभा राहिला आणि जाताना हळूच म्हणाला, "ऐकू येते." एवढ्या थापा कशाला, असं विचारलं, तर मामा तंबाखू मळत म्हणायचे, "मालकाकडं कागद हाय. आपल्याकडं काय हाय? तोंड."

मग ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. देव्हारा गेला, नवस गेले, आणि खोटं बोलणार नाही ही प्रतिज्ञाही त्यांनी खिळा ठोकावा तशी पक्की बसवली. उशीर का झाला, असं खात्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरने विचारलं, तर मामांनी सांगितलं, "झोपलो हुतो." गिरणीच्या इतिहासात हे कारण कुणी दिलंच नव्हतं. जॉबर दिवसभर त्यांच्याकडे संशयाने बघत राहिला.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सभा त्याच झाडाखाली भरायच्या आणि मामांचा आवाज लालबागपर्यंत जायचा. वारा असला, तर दिल्लीपर्यंत. "सरकार म्हणतं मुंबई तुमची न्हाय. मालक म्हणतो झाड तुमचं न्हाय. मग आमचं काय हाय रं? घाम?"

तर त्या सकाळी सगळी चाळ कठड्याला लोंबकळत होती. मी मामांच्या कानाशी लागलो. "एकदाच, मामा. एकच थाप."

"एकदाच, एकदाच करत माणूस जिथनं उठला तिथंच परत जाऊन बसतो," ते म्हणाले आणि उभे राहिले.

त्या आठांचा मुकादम नेमका मालवणचा. त्याने अदबीने विचारलं, "मामानू, खरा काय ता सांगा. झाडात देवचार आसा काय नाय?"

"न्हाय. देवचार न्हाय, पीर न्हाय, घंटा न्हाय. समदं मी रचलेलं. झाडात कुणी न्हाय."

वर आईने कपाळावर हात मारला. मुकादमाने कुऱ्हाड मामांच्या पुढे धरली. "मगे पयलो घाव तुमीच घाला."

मामांनी हात पाठीमागे नेले. "घालणार न्हाय. भूत हाय म्हणून न्हवं, झाड आमचं हाय म्हणून. तुला घालायचा तर आधी मला हितनं उठवावं लागंल. आन् मी उठत न्हाय." एवढं बोलून ते परत बुंध्याला टेकून बसले.

मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं, मग वर फांद्यांकडे पाहिलं आणि आपल्या माणसांकडे वळून आवाज खाली आणला. "इतकी वर्सां ह्यो माणूस देवचार आसा म्हणान सांगी होतो. आज नाय म्हणता, आणि कुराडीक हात लावणा नाय. ह्येच्या तोंडातसून कोण बोलता ता समाजला मां?"

आठही कुऱ्हाडी खांद्यावर गेल्या. मामा त्यांच्यामागे नाक्यापर्यंत धावले. "अरं, खरं सांगतोय, कुणी न्हाय झाडात!" ते जितके ओरडले, तितकी ती माणसं भराभर चालू लागली. त्यातला शेवटचा थेट कॉटन ग्रीनला जाऊन थांबला, असं मी सांगतो आणि आजवर कुणी खोडलेलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो, तर मामा भिंतीकडे तोंड करून बसलेले. आयुष्यभर मारलेल्या थापा लोकांनी आवडीने गिळल्या होत्या आणि खरं मात्र कुणी तोंडात घेईना. "समद्या चाळीदेखत खरं सांगितलं," ते मामींना म्हणाले, "पटलं न्हाय एकाला बी. आन् मालक उद्या दुसरी माणसं धाडंल."

मामींनी तव्यावरची भाकरी उलटली.

"मग उद्या बी खरंच सांगा."