आमच्याकडे बायका मागतात कशा

"लहानी सून चांगली निंगाली. काही मांगतच नाही," मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर सासूबाईंना सांगत होते. मी दाराआड, हातात चहाचा ट्रे. खरं तर त्याच सकाळी मी मागितलं होतं. दारव्ह्याच्या एका लॅबमध्ये टेक्निशियनची जागा निघाली होती, माझा कोर्स झालेला, आणि सोमवारपासून येणार की नाही ते कळवायचं होतं. पण आमच्या बोरी अरबच्या घरात सुना सासऱ्यांना थेट विचारत नाहीत, वाढता वाढता कानावर घालतात. मी घातलं. ते कानावरच राहिलं.

कमी बोलणाऱ्या माणसाकडे असे किस्से फार साठतात. मधे तोंड घालायची सवय नसते ना!

सासूबाईंना मिक्सर दुरुस्त करून हवा होता. म्हणाल्या, "अजी, मिक्सर लय आवाज करून राह्यला."

मामाजींनी पेपर खाली ठेवला, नीट कान देऊन ऐकलं. "हो, करून राह्यला खरा." पेपर पुन्हा वर.

पुढच्या आठवड्यात तो आवाजही बंद झाला. आता आम्ही पाट्यावर वाटतो.

जाऊबाईंचं माहेर महागावचं. दिवाळीपासून जाणं नाही. एकदा जेवताना भाऊजींना म्हणाल्या, आईचा फोन आलता, यंदा दारची बोर लय लदबदली म्हणे. भाऊजी प्रेमळ माणूस. संध्याकाळी बाजारातून किलोभर बोरं घेऊन आले! जाऊबाईंनी ती धुऊन सगळ्यांना वाटली. स्वतः एकही खाल्लं नाही.

पुरुषांचं सोपं असतं. "चहा." "टॉवेल." "डबा." वस्तू हजर! मला वाटायचं, यांना याहून लांब बोलता येतच नसावं. मग मामाजींना ट्रॅक्टरवाल्याशी फोनवर बोलताना ऐकलं. भाऊ, तुमाले जमत असन तरच, घाई नाही, तुमच्या सवडीनं पाहा... नुसती साखर. हे काय, म्हणून मी नवऱ्याला विचारलं. ते सहज म्हणाले, "ट्रॅक्टरवाला नाही म्हनू शकते ना."

म्हणाले, आणि मग टॉवेल न मागता स्वतःच उठून घेतला.

आता माझं. त्या सकाळी भाकर वाढताना मी सासूबाईंकडे बघत म्हटलं होतं की लॅबमध्ये जागा आहे, बसही सोयीची आहे. मामाजी "असं का" म्हणाले आणि जेवले. संध्याकाळी बघते तर खुशीत शेजाऱ्यांना फोन लावताहेत, त्या जागेचं सांगायला. शेजारच्या पोरानं तोच कोर्स केलाय, बिचारा रिकामा बसून राह्यला, सूनबाईनं बरी आठवण करून दिली, असं सासूबाईंना सांगत होते. त्यांना खरंच आनंद झाला होता.

पलीकडे रिंग वाजत होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊबाईंचं लाटणं थांबलं.

मी ओसरीवर गेले आणि म्हणाले,

"मामाजी, फोन ठेवा. ते नोकरी मले पायजे. सोमवारपासून मी जाऊन राह्यली."