जिनातली हातबोली

रेच्याखाली सरकी साचते तसे किस्से साचतात. दिवसभर लक्षात येत नाही. संध्याकाळी बघावं तर गुडघाभर ढीग! मोताळ्याकडच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी सहा हंगाम रेच्यांना, म्हणजे तिथल्या यंत्रांना, तेल घातलं. ते जिन आता बंद आहे. मी बोलताना अडखळतो, तोंडाने सांगायला बसलो तर एकेका किस्स्याला दिवस लागेल. म्हणून लिहून सांगतो.

*

माझी शाळा एका शब्दापायी सुटली. मास्तरांनी हजेरीत नाव घेतलं की मी उभा राहून "ह... ह..." करायचो. 'हजर' पूर्ण होईपर्यंत मास्तर चार नावं पुढे! रोज शाळेत जायचो आणि हजेरीपुस्तकात रोज गैरहजर. मामा भांडायला गेले. मास्तर म्हणाले, "पोरगं येते हो, पण सांगत नाही!"

चौथीत दप्तर ठेवलं.

मग मामांनी बाजारातून वेखंड आणलं. सकाळ-संध्याकाळ उगाळून जिभेला. महिन्याने विचारलं, "फरक हाय काय बे?" मी मान डोलावली. फरक होताच! जीभ इतकी बधिर झाली होती की आता अडखळायलाही येत नव्हतं.

*

जिनात पहिल्या दिवशी भीत भीत गेलो. इंजिन सुरू झालं, आणि वीस रेच्यांचा असा धडधडाट उठला की कानाशी ओरडलं तरी ऐकू येईना. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलत. ओंजळ म्हणजे पाणी. मिशीला पीळ म्हणजे शेठजी आले. तळहात छातीवर दोनदा टेकवला की 'दम घे, घाई नाही'.

हजेरीला नुसता हात वर करायचा. सहा हंगामांत माझा एकही खाडा पडला नाही! मोकळं बोलता यावं अशी मला जगात ती एकच जागा होती.

*

एकदा सीताबाई आणि तिची जाऊ शेवंता समोरासमोरच्या रेच्यांवरून हातांनीच भांडल्या. दुपारी इंजिन थांबलं, सगळीकडे चिडीचूप, तरी यांचे हात चालूच. मुकादम म्हणाले, "आता तं तोंडानं बोला!"

सीताबाई भडकली, "तोंडानं शिव्या देऊ? एवढ्या माणसाईत? लाज नाही काय आमाले!"

*

गणपतदादांचे पंचवीस हंगाम इंजिनाजवळ गेले होते. जिनाचा भोंगाही त्यांना ऐकू येत नसे. एकदा देवळात कीर्तनाला बसले असता शेजाऱ्याच्या कानात ते हळूच, म्हणजे त्यांच्या मते हळूच, म्हणाले, "बुवा लय लांबवून राह्यले बे!"

बुवांनी तिथेच आरती घेतली.

*

पुढे नागपूरहून एक सरकारी डॉक्टर कामगारांचे कान तपासायला आले. बहिरा ठरला त्याचं काम जाणार, अशी कुजबुज झाली, अर्थात हातांनी. डॉक्टर समोर बसून बारीक आवाजात आकडे म्हणत, आणि गणपतदादा ते बिनचूक परत म्हणून दाखवत. डॉक्टर चकित! मग शंका येऊन त्यांनी तोंडापुढे वही धरली. दादा गप्प.

वही खाली घेऊन डॉक्टर म्हणाले, "काय, आता ऐकू नाही आलं?"

"साहेब, तुमी तोंड झाकलं तं ऐकू कसं येईन?"

डॉक्टर पोट धरून हसले. दादांचं काम टिकलं.

*

माझ्या लग्नाचं काही जमेना. दोन स्थळं तर माझं नाव पूर्ण होण्याआधीच उठली. तिसरं गणपतदादांनी आणलं: त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी, वडनेर भोलजीची. भाऊही तिकडच्या जिनात बहिरे झालेले. जाताना मामा म्हणाले, "हे बी गेलं तं मी आता कुठं नाही फिरत, बावा."

बैठकीत मुलीच्या मामांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"म... म..."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मुलीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि तळहात छातीवर दोनदा टेकवला.

मी श्वास घेतला. "महादेव."

मग मुलीला प्रश्न विचारायची पाळी माझी. मी हाताने विचारलं. तिने हाताने उत्तर दिलं. मी पुन्हा, ती पुन्हा. आमचे मामा हवालदिल झाले. शेवटी न राहवून त्यांनी तिच्या आईला विचारलं, "बाई, पोरगी मुकी हाय काय हो?"

मुलगी खळखळून हसली.

"नाही, मामाजी! पण हे हातानं विचारून राह्यले, तं मी तोंडानं काऊन सांगू?"