आत्या बुध्दविहार

तुमचा नंबर दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये कोणत्या नावानं आहे, कधी विचारलंय?

माझ्या आत्याचा फोन उस्मानपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्याच्या मोबाइलवर वाजला, तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली, 'आत्या बुध्दविहार'.

आत्या त्याच्या घरी दोन वर्षं स्वयंपाक करत होती. गंगापूरकडं कापूस उभ्या उभ्या जळाला, शेतातली मजुरी संपली, म्हणून शहरात आलेली. त्या दिवशी आमच्या वस्तीत टँकर उशिरा आला. यायला वेळ होईल, एवढंच तिला सांगायचं होतं. मालकिणीचा फोन बंद. म्हणून पहिल्यांदाच तिनं मालकिणीच्या सासऱ्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही. ती पोचली तेव्हा दारातच त्यानं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"वाच."

आत्याला वाचता येत नाही. त्यानंच वाचून दाखवलं. दोनदा.

"तू जाधव म्हणाली होतीस."

"जाधवच हाय मी."

"कुठले जाधव ते नाही सांगितलंस."

"तुमी इचारलं नाय."

म्हाताऱ्याचा मुलगा स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आला. दोन वर्षं तिच्याच हातात फिरलेलं लाटणं. ते त्यानं तिच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आपल्याला ऐकू आला, असं ती सांगते. मग तवा, कुकर, परात. तिचा हात लागलेलं सगळं जिन्यावरून खाली. परात घरंगळत रस्त्यावर गेली. तिथं त्यांच्या गल्लीचा टँकर लागला होता. लोकांनी वर पाहिलं. आपला नंबर जाईल म्हणून एकानंही रांग सोडली नाही.

मी वाळूजला कंपनीत होतो. आत्यानं रडत फोन केला आणि मी अंगावरच्या कंपनीच्या कपड्यांत तिथं गेलो. आत्या खालच्या पायरीवर हात पोटाशी धरून बसली होती. मी वर गेलो. विचारायला गेलो होतो. एक शब्द बोलायच्या आत मुलानं माझी कॉलर धरली. मी मारलं. खोटं कशाला सांगू? त्याचं नाक फुटलं. मग तो, त्याचा मेहुणा आणि वॉचमन. माझं डोकं कठड्यावर आपटलं. दात तिथंच पडला.

मुलानं मोबाइल काढला, माझ्यावर धरला.

"बोल, आम्ही जात लपवून तुमच्या घरात शिरलो, माफ करा. एवढं बोल, सोडतो."

"नाही."

पुन्हा कठडा.

"बोल."

तोंड रक्तानं भरलं होतं. मी ते सगळं त्याच्या मोबाइलच्या काचेवर थुंकलो.

आम्ही पोलीस ठाण्यात पोचण्याआधी त्यांच्या कॉलनीच्या ग्रुपवर पुरावा म्हणून म्हाताऱ्याच्या पडद्याचा फोटो पडला होता. नावासकट, नंबरसकट. आत्याला शिव्यांचे फोन सुरू झाले. ठाण्यातल्या जमादारानं तोच फोटो मला दाखवला.

"हे नाव त्यांनी टाकलं नाही म्हणतात. मग आलं कुठून?"

मी फोटो पाहिला. बुध्द. ध अर्धा, द पूर्ण. चूक.

ही चूक मी ओळखतो. माझे वडील वस्तीची पत्रकं छापून आणायचे. मी ती वाचत वाढलो. छपाईआधी ते माझ्याकडून कच्ची प्रत लिहून घ्यायचे आणि दर वेळी हाच शब्द खोडायचे. "द अर्धा, ध पूर्ण. आपल्याच बापाचं नाव चुकवतो का रं?" मोबाइलवर घाईत टाइप करताना मी अजूनही तेच करतो.

मला दोन आत्या. गावाकडची 'आत्या गंगापूर'. विहारामागं राहणारी 'आत्या बुध्दविहार'. मीच टाइप केलेलं.

अनोळखी फोन कुणाचा ते सांगणारं एक अॅप मी घेतलं होतं. ठेकेदाराचा फोन चुकू नये म्हणून. फुकट होतं. त्यानं माझ्या सगळ्या नंबरांची परवानगी मागितली, मी बोट लावलं. तेच अॅप म्हाताऱ्याकडं; मी ठेवलेलं नाव त्यानं तिथं उमटवलं. मी पैसे दिले नाहीत. आत्या दिली.

तिला हे मी दवाखान्यात सांगितलं. हात प्लॅस्टरमध्ये होता. तिनं विचारलं,

"मंग त्यात माझं नाव कुठं हाय?"

नव्हतं. कौसल्या जाधव. पत्रकाखाली प्रत्येकाचं नाव पूर्ण लिहायला शिकलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये सख्ख्या आत्याचं नाव नव्हतं.

मी अॅप काढलं. माझ्या मोबाइलवरून ते गेलं. तिकडं पोचलेलं तिकडंच आहे.

आता त्यांच्याकडून निरोप येतात. तक्रार मागं घ्या, फोटो काढून टाकतो. आत्याला मी विचारलं.

"फोटो ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लाटण्याचं लिहिलंय ना तक्रारीत? मंग तक्रार बी ऱ्हाऊ दे."

राहील. मला उचलून नेण्याची धमकी आली, तरी राहील. आणि जातीची यादी हवी असेल त्यानं यापुढं दारोदार फिरून विचारावी. माझ्या खिशातून ती मिळणार नाही.

तुम्ही मोबाइल उघडा. आत्ता. 'कामवाली', 'टँकर', अमक्या वस्तीचा, तमक्या विहारामागचा, असे किती आहेत बघा. त्यांना फोन करा, पूर्ण नाव विचारा, तेच लिहा. पण त्याआधी, तुमचे नंबर वाचणाऱ्या प्रत्येक अॅपची परवानगी काढून घ्या. आधी परवानगी काढा. मग फोन लावा.