पिवळा खटका

दत्ता मला शेवटचा भेटला तो आमच्या दारात, चप्पलही न काढता. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली लाकडी पेटी होती. "बाळ्या, पिवळा खटका सैल झालाय. घाई नाही, दिवाळीची सुट्टी लागलीये," एवढे म्हणाला आणि चहाला थांबला नाही. सुट्टी संपण्याआधीच त्याच्या बायकोचा, सुलभावहिनींचा फोन आला. तो झोपेतच गेला होता... वांगणीच्या पुढे, डोंगराच्या कडेला त्याची शाळा आहे. तिच्या पटांगणात शोकसभा झाली. चार शब्द बोलावेत असे वहिनींनी मला सुचवले, पण मी नुसती मान हलवून नकार दिला आणि मागच्या रांगेत बसून राहिलो. बोलणाऱ्यांनी त्याला 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हटले. ते खरेच होते, पण त्या शब्दात मला माझा दत्ता काही केल्या दिसेना.

अंबरनाथ पश्चिमेच्या एका चाळीत आम्ही एकत्र वाढलो. तो माझ्याहून थोडा मोठा, अंगाने दांडगा, साहजिकच डबा ऐसपैसचे सगळे नियम त्याच्या तोंडी. मी किरकोळ होतो, पळताना धडपडायचो. म्हणून खेळ सुरू होताना तो जाहीर करी, "बाळ्या कच्चा लिंबू." म्हणजे मी सगळ्यांबरोबर लपायचे, धावायचे, पण सापडलो तरी माझ्यावर राज्य यायचे नाही. मला सांभाळून घेतले जात होते हे तेव्हाही समजत असावे. तरीही घरी परतताना मी सगळ्यांच्या मागे राहून एकटाच चालत येई. ज्याला बादच करता येत नाही, तो खेळत होता असे कसे म्हणायचे? पुढे मी कारखान्यात माल तपासणीच्या कामाला लागलो आणि दुसऱ्याच्या चुका शोधणे हाच माझा चरितार्थ झाला. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असे मला अलीकडेपर्यंत वाटले नव्हते.

दत्ता गुरुजी झाला, पहिलीचा वर्ग मागून घेऊ लागला. शाळेला देणगीतून मोठा टीव्ही मिळाला तेव्हा तो माझ्याकडे आला. पोरे टीव्हीसमोर नुसती बसून राहतात, त्यांच्या हाताला काहीतरी काम हवे, असे त्याचे म्हणणे होते. मला घरी सोल्डरिंगचा नाद होताच. उल्हासनगरच्या बाजारात आम्ही लिफ्टला लावतात तसली मोठी बटणे निवडत बसलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "साईं, स्कूल में लिफ्ट लगा रहे हो क्या?" दत्ताने गंभीरपणे उत्तर दिले, "हां, पहली से सीधा दूसरी में." मी पेटी तयार केली. टीव्हीवर चित्र दिसे, मुलाने त्याच्या पहिल्या अक्षराचे बटण दाबायचे. बरोबर आले तर हिरवा दिवा, चुकले तर घर्र असा बझर. तो बझर मी फार मन लावून बसवला होता.

आठवड्याभरात पेटी परत आली. दोन-तीन मुले बझरच्या धास्तीने बटणाला हातच लावत नव्हती. दत्ताला एक खटका हवा होता. तो खाली दाबला की त्या मुलापुरता बझर बंद. "कच्चा लिंबूचा खटका," तो म्हणाला. मी माझ्या नेहमीच्या हलक्या आवाजात, पण हट्टाने, त्याला विरोध केला. चूक कळलीच नाही तर मूल शिकणार काय?

"तू किती वर्षं कच्चा लिंबू होतास, आठवतंय? पण रोज खेळायला आलास की नाही?"

"आलो. आणि रोज घरी जाऊन रडलो."

त्याला हे ठाऊक नव्हते. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याने खाली ठेवला. मग म्हणाला, "तुला कधी विचारलंच नाही आम्ही. आम्हीच ठरवायचो." खटका पेटीच्या मागे, गुरुजींच्या हाताशी बसायचा होता. त्याने तो पुढे, मुलांच्या हाताला येईल असा बसवून घेतला. ज्याचा डाव, त्याचा खटका. गुरुजींनी हात लावायचा नाही. पिवळा रंग मी दिला.

त्या वर्षी पहिलीत शेवंती होती. डोंगरातल्या वाडीवरची ही मुलगी वर्गात तोंडच उघडत नसे. आपल्या पाळीला ती खटका खाली करी, एक बटण दाबी आणि जागेवर जाऊन बसे. दिवाळीनंतर तिचे आईबाप वीटभट्टीवर जाणार होते. पोर शाळेत रमली असती तर आजीजवळ राहिली असती. पण आई दत्ताला म्हणाली, "बोलत नाय, काय नाय. ठेवून काय करू, गुरुजी? तितं धाकट्याला तरी धरील." त्याने फक्त सुट्टी लागेपर्यंत थांबायला सांगितले. तेव्हाच्या त्याच्या फोनवरल्या आवाजात मी प्रथमच भीती ऐकली. खटका देऊन आपण तिला लपायला जागा तर करून दिली नाही ना, असे त्याने मला विचारले. माझा मुद्दा जिंकल्याचा आनंद मला मुळीच झाला नाही.

शुक्रवारी आमच्या भागात वीज जाते. त्या दिवशी दत्ता तोच खेळ पटांगणात मांडी. चार मुले बटणे व्हायची, एक दिवा, एक बझर. बझर व्हायला कोणीच तयार होईना. तेव्हा शेवंती उठली, गोल करून उभ्या असलेल्या मुलांच्या मधोमध गेली आणि पहिल्याच चुकीला तिने घर्र केले, इतक्या जोरात की दुसरीचा वर्ग बाहेर आला. शाळेने ऐकलेला तिचा तो पहिला आवाज. पुढच्या आठवड्यात, तिची पाळी आली तेव्हा, तिने खटका खाली केला नाही. बटण दाबले, ते चुकले. खरा बझर वाजला. तिने वळून गुरुजींकडे पाहिले. "मी आउट झाली," म्हणाली, आणि मोठे बक्षीस मिळावे तशी हसत जागेवर गेली. दत्ताने त्याच संध्याकाळी वाडी चढून तिच्या आईला हे सांगितले. चुकल्याचे कौतुक कसले, हे त्या माऊलीला बहुधा उमगले नसावे. पण पोर घरीसुद्धा दिवसभर घर्र घर्र करते, हे तिला कळत होतेच. शेवंती आजीजवळ राहिली.

शोकसभेत सर्वांची भाषणे झाल्यावर एक उंच झालेली मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "गुरुजींनी मला आउट होऊ दिलं." एवढेच बोलून बसली. लोक एकमेकांकडे पाहू लागले, कोणी तरी हलकेच हसले. मागच्या रांगेत मला मात्र मान वर करवली नाही... ज्याला रोज वाचवले गेले तो मी, आणि वाचायचे की नाही हे जिला ठरवू दिले गेले ती शेवंती. मधल्या काळात दत्ता किती दूर चालून गेला होता, आणि त्या चालण्यातले एक पाऊल माझ्या रडण्यावर पडले होते, हे मला तिथे बसून कळले.

पेटी अजून माझ्या टेबलावर आहे. खटका घट्ट करून झाला, दिवा लागतो, बझर वाजतो. खटक्याचा पिवळा रंग मुलांच्या बोटांनी पार झिजला आहे. तो पुन्हा द्यावा असे वाटले नाही. उद्या पेटी शाळेत पोचवायची आहे. शोकसभेत बोलायला वहिनींना नकार दिल्यापासून, टेबलाशी बसलो की माझे बोट नकळत तो खटका खाली करी. हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी तो वर केला.