हळदीने छापलेली अक्षरं

पुतण्याच्या हळदीला घरच्या सगळ्यांच्या टी-शर्टच्या पाठीवर ‘नवऱ्याकडचे’ असं छापायचं ठरलं. माझी मुलगी खारघरच्या कॉलेजात अक्षरं काढायला शिकते. तिनं हौसेनं ती काढून आणली. जाडजूड, रॉकेटच्या पिक्चरात शोभतील अशी, आणि प्रत्येक अक्षर मध्येच तुटलेलं.

आमचे हे द्रोणागिरीला गोदामात कामाला. म्हणाले, “अशी अक्षरं आमच्या खोक्यांवर असतात. त्याची कॉलेजात फी घेतात?”

मोठे भाऊजी, म्हणजे नवरदेवाचे वडील, हसलेसुद्धा नाहीत. “लग्नघरात तुटकं काय नको. कोरेच टी-शर्ट घालू.” त्यांनी नको म्हटल्यावर दुसरं कोण घालणार? पोरीचं तोंड उतरलं.

मग तिनं मला समजावलं. पुठ्ठ्यातून ‘व’ कापला की त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तो पडू नये म्हणून मध्ये पट्टी सोडायची, तीच ती फट. “आई, तुटलेलं नाही गं, धरून ठेवलेलं आहे.” अशी अक्षरं बोर्डावर, टी-शर्टवर, दोन-चार शब्दांपुरतीच बरी. पत्रिकाभर घातली तर पाहुणे दुसऱ्याच लग्नाला जातील, हेही तीच म्हणाली. मला सगळं पटलं. पण मोठ्या भाऊजींसमोर पदर सावरण्यापलीकडे मी कधी काही केलेलं नाही.

हळदीच्या दुपारी तिनं पुठ्ठा कापला. म्हणाली, कोरे टी-शर्ट आज पिवळे होणारच, मग हळदीनंच छापू. मी हळद घट्ट कालवली. पातळ असली तर पुठ्ठ्याखाली पसरते. पहिली पाठ आमच्या ह्यांची.

“बाबा, हलू नका.”

“गुदगुल्या होतात.”

“खोक्यांना नाही होत त्या.”

पुठ्ठा उचलला, तर अक्षरं पिवळीधमक उठलेली. मग जावा, नणंदा, पोरंटोरं रांगेतच आली. मोठे भाऊजी ओट्यावर बसून बघत होते आणि मुलगी सारखी त्यांच्याकडे बघत होती. मला राहवेना.

“भाऊजी, एक पाठ राहिलीय.”

“कोनाची?”

“नवरदेवाच्या बापाची.”

माझे कान तापले. भाऊजी उठले, पाठ करून उभे राहिले. “माझी पाठ मोठी हाय. हळद पुरंल ना?”

पोरीनं पुठ्ठा धरला, मी हळदीचा बोळा दाबला.

संध्याकाळी पाहुणे येऊ लागले, तर भाऊजी मांडवाच्या दारात रस्त्याकडे पाठ करून उभे. येईल त्याला आधी पाठ, मग नमस्कार. शेवटी मोठ्या जाऊबाई आतून ओरडल्या, “अवो, जरा तोंडपन दाखवा लोकांना!”