आधी बियाणं तपासा

खापरच्या बाजारात माझं बियाण्याचं दुकान, दुकानापुढे एक बाकडं. किस्से जमवायला मला कुठे जावं लागत नाही. गिऱ्हाईक बाकड्यावर टेकलं, की किस्सा आपोआप सांडतो! विषय दोनच. कोणाच्या वावरात काय उगवलं आणि कोणाच्या घरात काय उगवलं नाही.

जिजाबाई आमचं जुनं गिऱ्हाईक. मुलाचं, रमेशचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, पाळणा काही हलेना. सून सुनंदा अक्कलकुव्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. रिपोर्ट सगळे चांगले. डॉक्टर म्हणाले, "आता नवऱ्याला पाठवा."

मी विचारलं, "मावशी, मग रमेश कव्हय जाई?"

"मन्हा पोऱ्याले काय व्हयेल शे? युरियानी गोनी एकला उचलस!"

"मावशी, ते काम गोनी उचलानं शे का?"

बाकडं हसलं. मावशी नाही! "यंदा पाळना नही हालना, ते त्यानी दुसरी करसूत!"

सुनंदा मागे पिशवी धरून उभी होती.

*

मगन ट्रॅक्टरवाला. पहिली मुलगी शाळेत जायला लागली, दुसरं काही होईना. तपासणीचं नाव काढलं की म्हणायचा, "शेठ, मन्ही पोर शे ना! तेच सर्टिफिकेट!"

मी मक्याची जुनी, उरलेली थैली त्याच्यापुढे ठेवली. "ही पेर. तुला पोर झाली त्या साली हे बी भारी उगवलं होतं."

"जुनी थैली कोन पेरस, शेठ?" म्हणाला, आणि स्वतःच जीभ चावली!

*

एकदा अक्कलकुव्याचे तेच डॉक्टर मिरचीचं बी घ्यायला थांबले. बाकड्याने त्यांना चहा पाजून मूल न होण्याची कारणं विचारली.

"बाईच्या नळ्या बंद असू शकतात." माना डोलल्या.

"थायरॉइड, पाळीचा घोळ." माना जोरात डोलल्या.

"पुरुषाचे शुक्रजंतू कमी असू शकतात. तंबाखू, दारू..."

माना जागच्या जागी थांबल्या. गालातला तोबरा सावरत मगन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ते थायरॉइडनं परत सांगा ना!"

*

आणि हा यंदाच्या पेरणीनंतरचा. जिजाबाई तणतणत आल्या. मागे सुनंदा, खत न्यायला रमेश.

"शेठ, मका उगनीच नही! बियानं खोटं शे!"

आम्हा बियाणेवाल्यांचं यावर एक ठरलेलं उत्तर असतं. तेच मी दिलं, "मावशी, जमीनच खराब व्हई."

"जमीनले नाव ठेवू नका! सोनासारखी जमीन शे मन्ही! आधी बियानं तपासा!"

"कितला दिवसपासून मी बी तेच म्हनस, आत्या," मागून सुनंदा म्हणाली.

बाकडं हसायचं विसरलं. रमेशच्या खांद्यावर युरियाची गोणी होती. ती त्याने हळूच खाली ठेवली.

"शेठ," तो म्हणाला, "अक्कलकुवाले जीप कव्हय शे?"